डॉ. होमी भाभा : परिवलन आणि परिभ्रमण

(बी. कॉम. भाग दोन)

गेल्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात आतेबहिणीच्या लग्नानिमित्त इंदूरला जाण्याचा योग आला. आमची आत्या तेथे राजेंद्रनगरात राहते. या भागात मराठी घरे बरीच आहेत. होळकरांच्या या नगरीतले मराठी आपल्या सीमाभागातल्या मराठीहून अगदी निराळे, त्याला हिंदीचा गोडवा आहे. माझे बोलणे ऐकून तिथली मंडळी हसत आणि ही आमची कानडी भाची अशी माझी ओळख करून देत. मला याची गंमत वाटली. कारण माझी आई कानडी, वडील मराठी. आजोळी गेले की तिथल्या आज्ज्या मला मराठी हुडुगी म्हणतात. म्हणजे मी एकच, पण मराठी किती आणि कानडी किती हे पाहणाऱ्यावर ठरते! ही साधी गोष्ट पुढे एका थोर शास्त्रज्ञाचे काम समजून घेताना मला उपयोगी पडेल, असे तेव्हा स्वप्नातही वाटले नव्हते.

लग्न आटोपल्यावर विज्ञान दिनानिमित्त आतोबांनी आम्हा मुलांना सुखनिवासजवळचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र दाखवायला नेले. आतोबा तेथूनच तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले आहेत. दारावरचे नाव वाचून माझ्यातली कानडी मुलगी सुखावली. राजा रामण्णा हे आपल्या तुमकूरचे. १९८४ साली या केंद्राची कोनशिला बसली तेव्हा ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. २००४ साली ते निवर्तले आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. मराठी राजांच्या गावात कानडी माणसाचे नाव, हे पाहून आपल्या महाविद्यालयाच्या द्विभाषिक अंकाची आठवण झाली.

केंद्रात इंडस-२ नावाचे एक प्रचंड कडे आहे. त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि वळताना ते जो प्रकाश फेकतात, त्याचा उपयोग निरनिराळ्या पदार्थांच्या अभ्यासासाठी करतात. पूर्ण ऊर्जेला पोचलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला फक्त सहा मीटरने कमी असतो. एका सेकंदात तो त्या कड्याच्या सुमारे सतरा लाख फेऱ्या मारतो. माहिती सांगणाऱ्या तरुणाने जाता जाता सांगितले की इलेक्ट्रॉनला या फेरीखेरीज स्वतःची अशी एक फिरकीही असते, तिला स्पिन म्हणतात.

मी मराठी माध्यमात शिकलेली. पाचवीच्या भूगोलातले दोन शब्द मला चटकन आठवले : परिवलन आणि परिभ्रमण. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. मी ते बोलून दाखवले, तेव्हा आतोबा खूश झाले. मात्र त्यांनी सावधही केले. इलेक्ट्रॉन हा काही भोवऱ्यासारखा गोळा नव्हे. त्याची फिरकी हा त्याचा जन्मजात गुण आहे, ती कमी करता येत नाही की थांबवता येत नाही. तरी हिशेबापुरती ही तुलना चालते. फिरणाऱ्या वस्तूजवळ फिरण्याचा जो साठा असतो त्याला कोनीय संवेग म्हणतात. परिवलनाचा एक साठा, परिभ्रमणाचा दुसरा. बाहेरून कोणी पीळ दिला नाही, तर दोहोंची बेरीज कायम राहते.

मग मी विचारले की या गोष्टींवर आपल्याकडे कोणी काम केले आहे का. आतोबांनी कपाटातून एक जुने चरित्र काढून हातात ठेवले. ते होते डॉ. होमी भाभा यांचे. मला भाभा म्हणजे अणुभट्टी एवढेच ठाऊक होते. परतीच्या गाडीत मी ते पुस्तक संपवले आणि त्यानंतर मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे समजले ते येथे माझ्या शब्दांत मांडते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सधन पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर हे वकील. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या यांची रेलचेल होती. मुलगा चित्रे काढी, तासन्‌तास संगीत ऐके आणि विज्ञानाची पुस्तके वाची. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्याचा मुंबईतला शिक्षणक्रम झाला. १९२७ साली तो केंब्रिजला गेला.

त्याला पाठवले होते ते इंजिनिअर होण्यासाठी. परत येऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात त्याने काम करावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची इच्छा होती. पण केंब्रिजमध्ये त्या वेळी भौतिकशास्त्राचे नवे युग अवतरले होते. डिरॅक यांनी १९२८ साली इलेक्ट्रॉनचे नवे समीकरण मांडले. त्यात सापेक्षता सिद्धांत आणि इलेक्ट्रॉनची फिरकी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. फिरकी वेगळी चिकटवावी लागली नाही, ती त्या समीकरणातून आपोआप बाहेर पडली. तरुण होमीला याचे वेड लागले. त्याने वडिलांना लिहून कळवले की आपला जीव यंत्रांत नव्हे, भौतिकशास्त्रात आहे.

वडिलांनी रागावून नकार दिला नाही, तसा लगेच होकारही दिला नाही. त्यांनी अट घातली. इंजिनिअरिंगची परीक्षा आधी पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणित शिकण्याचा खर्च मी करीन. मुलाने १९३० मध्ये ती अट पुरी केली, आणि १९३२ मध्ये गणिताचीही परीक्षा दिली.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. दहावीनंतर मलाही विज्ञान शाखेत जायचे होते. पण मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजीतले विज्ञान झेपणार नाही, असे एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आमच्या घरी सांगितले आणि विषय तिथेच संपला. अट घालण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही. मी वाणिज्य शाखेत आले. त्याबद्दल माझ्या मनात एक अढी होती. आज मी तिचा उल्लेख करते आहे तो कोणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर पुढच्या गोष्टीशी तिचा संबंध आहे म्हणून.

भाभांच्या संशोधनाची सुरुवात मोठी दमदार झाली. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट विद्युतभाराचा जोडीदार पॉझिट्रॉन हे एकमेकांवर आदळले तर कोणत्या दिशेला किती प्रमाणात उडतील, याचे गणित त्यांनी १९३५ च्या सुमारास मांडले. ते आजही भाभा विकिरण या नावाने जगभर ओळखले जाते. १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अवकाशातून आलेला एक वेगवान कण हवेत शिरला की एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत कणांचा पाऊस कसा पडतो, ते त्यांनी दाखवले. चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलीला हे लवकर पटते! पुढच्याच वर्षी त्यांनी सुचवले की विश्वकिरणांतील नव्या जड कणाचे आयुष्य हे सापेक्षता सिद्धांताची कसोटी ठरू शकेल, कारण अतिवेगाने धावणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्याला मंद चाललेले दिसले पाहिजे. पुढे प्रयोगांनी हे खरे ठरवले. त्या कणवर्गाला मेसॉन हे सुटसुटीत नाव द्यावे, ही सूचनाही त्यांचीच.

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. तेथे भौतिकशास्त्र विभागाची धुरा सर सी. व्ही. रामन यांच्याकडे होती. ज्या शहराला आपण सुट्टीत सहज जाऊन येतो, तेथे या पारशी तरुणाने आपल्या आयुष्यातले सर्वांत खोल विचारांचे काम केले. त्यांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग काढला, फुगे सोडून उंचावरची मोजमापे घेतली, आणि त्याच वेळी कागद-पेन्सिल घेऊन फिरकी असलेल्या कणांचा प्रश्न हाती घेतला. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ होते.

त्याच वर्षी कॉर्बेन या सहकाऱ्यासह त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. विद्युतचुंबकीय क्षेत्रातून धावणारा कण जर फिरकीसह असेल, तर त्याची वाट आणि त्याची फिरकी एकमेकांवर कसा परिणाम करतात, हा त्याचा विषय. इंदूरच्या कड्यात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला हाच प्रश्न लागू पडतो. चुंबक त्याची वाट वळवतो, तसाच त्याच्या फिरकीचा अक्षही वळवतो. दोन्ही हिशेब सापेक्षता सिद्धांत धरून करावे लागतात.

आता येथे एक अडचण उभी राहते, आणि मला वाटते तीच या सगळ्या विषयाची गुरुकिल्ली आहे. सावकाश फिरणाऱ्या वस्तूच्या बाबतीत परिवलन किती आणि परिभ्रमण किती, हे सरळ वेगळे काढता येते. त्यासाठी वस्तूचा मध्य ठाऊक असला म्हणजे झाले. पण प्रकाशाच्या जवळपास वेग गेला की मध्यच डळमळतो. समजा, एक मोठे चाक जमिनीवर आडवे ठेवून जागच्या जागी फिरवले आहे. जवळ उभ्या माणसाला त्याची प्रत्येक बाजू सारख्याच वेगाने फिरताना दिसते. आता त्याच चाकाजवळून कोणी अतिवेगवान गाडीतून गेला, तर त्याला चाकाची एक बाजू फार वेगाने जाताना दिसेल आणि दुसरी त्या मानाने सावकाश. सापेक्षता सिद्धांताप्रमाणे जास्त वेगाच्या भागात ऊर्जा जास्त, म्हणून तो भाग जड. साहजिकच गाडीतल्या माणसाला चाकाचा तोल त्या जड बाजूकडे सरकलेला दिसेल. मध्य सरकला की हिशेब बदलला. ज्याला पहिला माणूस निव्वळ परिवलन म्हणत होता, त्यातला काही भाग दुसऱ्याच्या वहीत परिभ्रमणाच्या खात्यावर पडतो. मात्र एकूण बेरजेचे नियम दोघांनाही सारखेच पाळावे लागतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मला क्षमा करावी, पण हे मला समजले ते आमच्या विभागीय हिशेबांमुळे. एका दुकानात कापड विभाग आणि भांडी विभाग आहे. दुकानाचे भाडे एकच. ते दोन विभागांत वाटायचे तर कोणी जागेच्या प्रमाणात वाटतो, कोणी विक्रीच्या. वाटणीचा पाया बदलला की प्रत्येक विभागाचा नफा बदलतो, दुकानाचा एकूण नफा मात्र तोच राहतो. वाटणी खोटी असते असे नाही. पण ती कोणत्या पायावर केली ते सांगितल्याशिवाय तिला अर्थ नसतो.

भाभांनी याच काळात आणखी मोठा प्रश्न विचारला. डिरॅक यांचे समीकरण अर्ध्या मापाची फिरकी असलेल्या इलेक्ट्रॉनचे होते. मग कोणत्याही मापाची फिरकी असलेल्या कणासाठी तसेच एक सर्वसाधारण समीकरण मांडता येईल काय? १९४५ साली त्यांनी ते मांडले. बंगळूरमध्ये त्यांच्या हाताखाली काम करणारे हरीशचंद्र हेही याच प्रश्नांमध्ये रमले आणि पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले. भाभांच्या समीकरणाचे वैशिष्ट्य असे की फिरकीचे कमाल माप दीड धरले, तर एकाच समीकरणातून दोन वस्तुमाने बाहेर पडतात, एक दुसऱ्याच्या तिप्पट. जणू एका नावाखाली दोन भागीदार.

निसर्गातले कण या समीकरणाला तंतोतंत बांधलेले निघाले नाहीत. १९६४ साली क्वार्कची कल्पना पुढे आली आणि प्रोटॉनसारखे कण हे मूळ कण नसून संयुक्त आहेत असे दिसू लागले. प्रोटॉनची एकूण फिरकी अर्ध्या मापाची. ती त्याच्या आतल्या क्वार्कांच्या फिरक्यांची बेरीज असावी, असा सोपा समज होता. १९८८ साली जिनीव्हाजवळील सर्न येथील प्रयोगाने तो हादरला. आजच्या मोजमापांनुसार क्वार्कांच्या फिरकीतून येणारा वाटा सुमारे एक-तृतीयांशच आहे. उरलेला हिस्सा त्यांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या फिरकीतून आणि सर्वांच्या आतल्या परिभ्रमणातून येतो. ही वाटणी कोणत्या पायावर करायची, यावर शास्त्रज्ञांत आजही खल चालू आहे. बेरीज पक्की आणि वाटणीवर वाद! आपल्याकडच्या वाड्यांच्या वाटण्या पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पण भाभांचे जीवन येथेच वेगळ्या कक्षेत शिरले. बंगळूरमध्ये असतानाच त्यांच्या मनाने घेतले की परदेशी जाऊन नामवंत होण्यापेक्षा येथेच मूलभूत संशोधनाची शाळा उभी करावी. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला तसा प्रस्ताव पाठवला. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या एका बंगल्यात आली. याच घरात भाभांचा जन्म झाला होता. पुढे १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, ते त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ पासून तुर्भ्याचे काम सुरू झाले. १९५५ साली जिनीव्हाच्या अणुशक्ती परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी, सोव्हिएत रशियाचा भाग सोडल्यास, कार्यान्वित झाली.

आधी इमारत आणि मग माणसे, असे त्यांनी केले नाही. आधी गुणी माणूस शोधायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग वाढवायचा, ही त्यांची रीत. राजा रामण्णांची आणि त्यांची पहिली भेट संगीतामुळे झाली होती. रामण्णा उत्तम पियानो वाजवीत. १९४९ साली ते टाटा संस्थेत आले, पुढे तुर्भ्याला गेले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत इंदूरचे केंद्र उभे राहिले. कुलाब्याच्या संस्थेच्या भिंतींवर भाभांनी भारतीय चित्रकारांची चित्रे लावली. आवारातली झाडे, बाग, हिरवळ यांतही त्यांचे जातीने लक्ष असे.

या काळात त्यांचे स्वतःचे संशोधनलेख विरळ होत गेले. म्हणून काही लोक हळहळतात की एक मोठा शास्त्रज्ञ कचेरीत हरवला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की त्यांचे खरे कार्य संस्थांचेच. त्यांच्या हिशेबात तोटाही दाखवला पाहिजे. अणुशक्तीतून जितकी वीज जितक्या लवकर मिळेल अशी त्यांनी आशा धरली होती, तितकी ती मिळाली नाही. त्यांनी घालून दिलेल्या तीन टप्प्यांच्या योजनेतला थोरियमचा शेवटचा टप्पा अजून दूर आहे. इतका पैसा त्या दिशेने वळवणे योग्य होते काय, असे विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वाणिज्याच्या विद्यार्थिनीने हा प्रश्न टाळणे बरे नव्हे.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत भाभाही होते. वय ५६. ते अविवाहित होते. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

शास्त्रज्ञ भाभा किती, व्यवस्थापक भाभा किती, चित्रकार किती? मला वाटते हा प्रश्न प्रोटॉनच्या प्रश्नासारखाच आहे. केंब्रिजमधून पाहणारा एक वाटणी करील, तुर्भ्याहून पाहणारा दुसरी. ज्या इंजिनिअरिंगचा त्यांना तरुणपणी जाच वाटला होता, त्याच शिक्षणाची शिदोरी अणुभट्ट्या उभारताना बरोबर होती. ती तीन वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची?

इंदूरहून आल्यावर मी शाखा बदलली नाही. परीक्षाही वाणिज्याचीच देणार आहे. पण चुलतभावाची अकरावीची भौतिकशास्त्राची पुस्तके मागून आणली आहेत आणि रोज रात्री थोडे वाचते. काही शब्द अडतात, मग मी त्यांना मराठीत आणि कधी कानडीत बोलून पाहते. परवा वडिलांनी ती पुस्तके पाहिली. ते काही बोलले नाहीत, मात्र दुसऱ्या दिवशी टेबलावर नवा दिवा आणून ठेवला. माझ्या मनातली जुनी अढी त्या दिव्याखाली बरीच सैल झाली आहे.

आपल्या या अंकाचे मराठी पान उलटून कानडी पानाकडे जाणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की वाटणी पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते, बेरीज मात्र आपलीच असते. डॉ. होमी भाभा यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!